आवाज थांबल्यानंतर

पहिल्या दिवशी आवाज आला तेव्हा मी त्याचं कारण लगेच सांगून टाकलं होतं. हा लेख त्या घाईबद्दल आहे.

२०२३चा जुलै महिना. जुन्नर तालुक्यात तेव्हा टोमॅटोशिवाय दुसरा विषय नव्हता. एरवी तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून जे फळ आम्ही बांधावर ओतून देतो, त्याच्या वीस किलोच्या क्रेटला नारायणगावच्या बाजारात दोन हजारांच्या वर भाव निघत होता. असे दिवस फार टिकत नाहीत हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, त्यामुळे प्रत्येक जण आज तोडलेलं आज विकायच्या मागे होता. ओतूरच्या पश्चिमेला माझ्या धाकट्या भावाचा टोमॅटो होता. कल्याणच्या बाजारात त्याचा ओळखीचा व्यापारी आहे, म्हणून तो माल माळशेज उतरून तिकडे पाठवायचा. गाडी आमची घरचीच, आठ वर्षं जुनी पिकअप. शेती भावाची, पण गाडीचं कर्ज माझ्या पगारावर काढलेलं, त्यामुळे आरसी बुकावर नाव माझं. आणि चालवायला शेजारच्या वाडीतला तेवीस वर्षांचा मुलगा.

मी आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या बाजूला, अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवतो. कार्यकारणभाव हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात याचाही वाटा आहे.

त्या सकाळी मुलगा म्हणाला, "सर, डाव्या पुढच्या चाकातून आवाज येतोय. खर्र... खर्र... चाक फिरेल तसा." मी गाडीत बसलो, थोडं अंतर गेलो, ऐकलं. रात्रभर पाऊस होता. ब्रेकची डिस्क बिडाची असते, उघडी असते, एका ओल्या रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो. सकाळी पहिले चार-सहा ब्रेक मारले की पॅड तो गंज खरवडून काढतात आणि आवाज थांबतो. मी हे सगळं त्याला सांगितलं. चार-सहा ब्रेक मारले. आवाज कमी झाला. "बघ," मी म्हणालो. तो हसला. गाडी कल्याणला जाऊन आली.

दुसऱ्या फेरीनंतर आवाज पुन्हा जाणवायला लागला. भावाने रात्री अंगणात बॅटरीच्या उजेडात चाक काढलं. डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो, त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकलेला सापडला. डिस्कवर त्याचा गोल ओरखडाही होता. याहून पक्का पुरावा काय हवा? खडा काढला, आवाज निम्मा झाला. उरलेला निम्मा ओरखड्याचा असणार, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तिसरी फेरी झाली. चौथीही झाली. चौथ्या फेरीहून मुलगा परतला तेव्हा ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. तो आवाज आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही ओसरीतून ऐकू आला.

मग गाडी आळेफाट्याला गॅरेजात गेली. त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मीच घेऊन गेलो.

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे गॅरेजांना तोटा नाही. मी ज्या मेस्त्रींकडे गेलो ते साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी डावं चाक काढलं, पॅड काढून माझ्या हातात दिला. त्याचा मसाला संपून मागची लोखंडी पट्टी उघडी पडली होती, तीच डिस्कवर घासत होती. झालं, कारण मिळालं. एक वाजेपर्यंत नवे पॅड बसले. आवाज पूर्ण बंद. घरून भावाचा फोन आला, माल तोडून तयार आहे, आवाज गेला असेल तर गाडी घेऊन ये. मी मेस्त्रींकडे चावी मागितली.

त्यांनी चावी दिली नाही. त्यांनी मधल्या वेळात, मी सांगितलेलं नसताना, उजवं चाकही काढलं होतं. उजवीकडचे पॅड अर्धे शिल्लक होते.

"दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, सर," ते म्हणाले. "एक संपला, एक अर्धा. असं कसं?"

"आवाज तर गेला ना?"

"आवाज पॅडचा होता. पॅड बदलला, आवाज गेला. पॅड कशानं संपला ते कुठं कळलंय?"

मला राग आला हे कबूल करतो. पैशाचा राग नव्हता तो. मिळालेलं समाधान कुणीतरी काढून घेतंय याचा होता.

*

आळेफाट्याहून नारायणगावकडे गेलं की पूर्वेला खोडदच्या बाजूला जीएमआरटीच्या प्रचंड तबकड्या दिसतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्या या भागात पसरलेल्या आहेत. आकाशातून येणारा रेडिओ संदेश इतका क्षीण असतो की प्रत्येक तबकडीच्या यंत्रणेचा स्वतःचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. मग संदेश ओळखायचा कसा? एका तबकडीचं दुसरीशी ताडून बघायचं. दोघींत जे सारखं आहे ते आकाशातून आलेलं, जे एकीतच आहे तो तिचा स्वतःचा गोंगाट. मेस्त्रींनी तेच केलं, फक्त त्यांना शोध उलट्या गोष्टीचा होता. दोन्ही चाकांत जी झीज सारखी, ती वापराची. एकाच चाकात आहे, ती दुखण्याची. एकच चाक बघून हे कधीच कळलं नसतं. आम्ही चार फेऱ्यांत फक्त डावं चाक बघत होतो, कारण आवाज तिथून येत होता.

मग ते मला शेजारी बसवून गाडी नगरच्या रस्त्याला चार किलोमीटर घेऊन गेले. मुद्दाम ब्रेक मारत गेले आणि परत आले. दोन्ही चाकांजवळ, न टेकवता, तळहाताची मागची बाजू नेली आणि मलाही तसं करायला सांगितलं. उजवीकडे कोमट. डावीकडून भट्टीसारखी धग येत होती. जॅक लावून चाकं उचलली. उजवं हाताने फिरत होतं, डावं दोन्ही हातांनी ओढूनही जेमतेम हललं. म्हणजे पायाने ब्रेक सोडला तरी डाव्या चाकाने तो सोडलेला नव्हता.

आता प्रश्न असा की चाक धरून कोण ठेवतंय. कॅलिपरची पिन किंवा पिस्टन जाम झाला असेल तर दोष चाकापाशी आहे. तेलाचा दाबच मागे फिरत नसेल तर दोष वरच्या अंगाला आहे. त्यांनी पान्ह्याने कॅलिपरवरचं निपल किंचित सैल केलं. तेलाची एक बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. "पिन जाम असती तर निपल उघडूनही चाक सुटलं नसतं," ते म्हणाले. चाकापर्यंत तेल नेणारी रबरी होज त्यांनी काढली आणि कापून दाखवली. बाहेरून धडधाकट. आत रबर फुगून वाट सुईएवढी उरलेली. पायाच्या जोराने तेल त्यातून आत जायचं, पण पाय काढल्यावर त्याला मागे ढकलायला तेवढा जोर नसायचा. गाडी रात्रभर उभी राहिली की दाब हळूहळू उतरायचा आणि सकाळी चाक मोकळं फिरायचं. म्हणून अंगणात, बॅटरीच्या उजेडात, भावाला काही सापडलं नव्हतं.

त्यांनी डिस्कवरची निळसर झाक दाखवली. लोखंड फार तापलं की असा रंग येतो. ब्रेकचं तेल कधी बदललं, विचारलं. मला आठवत नव्हतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, ओल धरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० वर येते. आणि तेल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

घरी आल्यावर मी आकडेमोड केली. मालासकट तीन टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरली की तिची जी ऊर्जा सुटते तेवढ्यात नऊ लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता काही इंजिन खातं, उरलेली ब्रेकांना घ्यावी लागते. आमच्या गाडीचं एक चाक घाट लागायच्या आधीच तापलेलं असायचं. जुलैच्या धुक्यात, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी असलेल्या रस्त्यावर, अशी ती चार वेळा उतरली होती.

आणि नवे पॅड टाकल्यावर ती पाचव्यांदा उतरली असती. तशीच तापत. फक्त आता आवाज न करता.

*

मी वर्गात अनुमान शिकवताना डोंगरावरचा धूर सांगतो. धूर दिसला, अर्थात तिथे अग्नी आहे. मग मुलांना विचारतो, उलटं म्हणता येईल का? जिथे अग्नी तिथे धूर? नैयायिकांनी याला फार नेमकं उत्तर देऊन ठेवलंय. नाही म्हणता येणार. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही मधली अट, उपाधी, सुटली की अनुमान फसतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं 'तापलेला लोखंडाचा गोळा' असं बरोबर लिहितात.

मी तो गोळा हाताने अनुभवला, आळेफाट्याला. तोपर्यंत माझ्या डोक्यात आवाज म्हणजे दोष आणि शांतता म्हणजे दुरुस्ती असं समीकरण होतं. आवाजाला दोष लागतो हे खरं. पण दोषाला आवाज लागतोच असं नाही. आवाजासाठी संपलेला पॅड हवा, अडकलेला खडा हवा. ते काढून घेतलं की अग्नी तसाच राहतो, धूर तेवढा जातो. आमच्या तीनही निदानांत चूक एकही नव्हती हे लक्षात घ्यायला हवं. गंज होता. खडा होता. पॅड संपला होता. प्रत्येक कारण खरं होतं आणि प्रत्येक कारणाने आम्हाला पुढे बघण्यापासून थांबवलं. खोटं कारण निदान लवकर उघडं पडतं. खरं पण अपुरं कारण फार दिवस टिकतं.

आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले, त्या रेड्याची. मुकं जनावर बोललं याची आठवण सातशे वर्षं जपणाऱ्या मुलखात आम्ही राहतो. तिथून हाकेच्या अंतरावर माझी तक्रार काय होती, तर आमचं चाक बोलायचं थांबलं असताना हा माणूस त्याला पुन्हा का बोलतं करतोय.

*

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीला एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं, डागडुजी केलेलं. ते प्रवासाला योग्य नाही अशी शंका मालकाच्या मनात येते. दुरुस्तीला खर्च आहे. मग तो मनाला समजावतो, इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. निश्चिंत मनाने तो जहाज सोडतो. जहाज बुडतं, माणसं मरतात, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याला खरोखर तसं वाटत होतं ही सबब चालणार नाही, कारण तसं वाटून घेण्याचा हक्क त्याने तपासणीने मिळवला नव्हता, शंका दाबून मिळवला होता. आणि पुढे तो आणखी कठोर होतो. समजा, जहाज बुडलं नसतं, सुखरूप परत आलं असतं, तरी मालकाचा दोष कणभरही कमी होत नाही. फक्त तो उघडकीला आला नसता.

हे वाक्य मी पूर्वी वाचलं तेव्हा मला ते जरा अतिरेकी वाटलं होतं. जे घडलंच नाही त्याचा कसला दोष? आता माझ्यापुढे चार सुखरूप फेऱ्या आहेत. काहीही झालं नाही. कुणी मेलं नाही, क्रेटसुद्धा उलटलं नाही. त्या चार फेऱ्यांचे पैसे आम्ही मोजून घेतले. आणि मला अजून त्यांचा हिशेब लागत नाही.

क्लिफर्डला उत्तर देणारेही आहेत. १८९६ साली विल्यम जेम्सने म्हटलं की काही निर्णयांना पुराव्याची वाट बघायची सवलत नसते, आणि तिथे मनाच्या कौलावर पाऊल टाकण्याचा हक्क माणसाला आहे. भावाने हा निबंध वाचलेला नाही, पण त्याचं म्हणणं हेच आहे. तो म्हणतो, "दादा, प्रत्येक खडखडीला गॅरेज गाठायचं तर शेती कोण करील?" आणि तो चुकीचं बोलत नाही. टोमॅटो थांबत नाही. शेतकऱ्याचं अख्खं आयुष्य अपुऱ्या पुराव्यावर चालतं. पाऊस पडेल असं धरूनच तो रोप लावतो. सगळं तपासून मगच पाऊल टाकणारा माणूस बांधाच्या पलीकडे जाणार नाही.

पण जेम्सची सवलत, बारकाईने पाहिलं तर, आम्हाला लागू होत नव्हती. पुराव्याने ज्याचा निकाल लागूच शकत नाही अशा प्रश्नांसाठी ती आहे. आमचा प्रश्न चार किलोमीटर, एक जॅक आणि एक पान्हा एवढ्यात सुटणारा होता. आणि दुसरं असं की रोप लावताना शेतकरी पणाला लावतो ते स्वतःचं. घाटात आम्ही काय पणाला लावत होतो?

*

हे मला त्या संध्याकाळी कळलं. होज आळेफाट्याला मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी येणार होती. माल शेजाऱ्याच्या गाडीने उशिरा नारायणगावला गेला, पडत्या भावात विकला गेला. आमचे आठ-नऊ हजार त्यात गेले. ओसरीवर बसलो असताना मी ड्रायव्हर मुलाला कापलेली होज दाखवली. त्याने ती बराच वेळ हातात फिरवली. मग म्हणाला, "तरीच घाट उतरल्यावर जळका वास यायचा. अन् गाडी डावीकडं वढायची."

"कधीपासून?"

"दुसऱ्या फेरीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

तो गप्प बसला. मग खाली बघत म्हणाला, "तुम्हीच म्हणला व्हता ना सर, गंज हाय."

एवढंच. त्याच्याकडे वास होता, ओढ होती, पायाखालच्या ब्रेकचा बदललेला स्पर्श होता. आमच्या तिघांत सगळ्यांत जास्त पुरावा त्याच्यापाशी होता, सगळ्यांत जास्त धोका त्याला होता, आणि सगळ्यांत कमी तोंड त्याला होतं. माझं स्पष्टीकरण गंजाबद्दल होतं, पण त्याचा परिणाम त्याच्या नाकावर झाला. शिकलेल्या माणसाने कारण सांगितलं की न शिकलेला स्वतःच्या अनुभवावरचा हक्क सोडून देतो. मी चाकाचा आवाज बंद केला नसेल, त्याचा केला.

शोध कुठे थांबवायचा, हा प्रश्न मला आता वेगळा दिसतो. तो ज्ञानाचा प्रश्न आहे असं मी समजत होतो, की पुरेसा पुरावा झाला की थांबायचं. पण 'पुरेसा' हे माप कुणाचं? आवाज थांबला तेव्हा माझ्यापुरतं पुरेसं होतं, कारण मी घाट उतरणार नव्हतो. भावापुरतं पुरेसं होतं, कारण माल तोडलेला होता. थांबायची परवानगी आम्ही एकमेकांना देत होतो, आणि ती द्यायचा अधिकार आम्हा दोघांनाही नव्हता. चूक झाली तर तिची किंमत जो मोजणार, त्याला सगळं माहीत असताना त्याने 'आता बास' म्हटलं, तरच शोध थांबवणं रास्त. यात तो मुलगा आला. आणि समोरून घाट चढणाऱ्या एसटीतली माणसंही आली. त्यांना विचारायची सोय नाही, म्हणून त्यांच्या वतीने कुणीतरी हट्ट धरावा लागतो. त्या दिवशी तो मेस्त्रींनी धरला.

त्यांनी बिल केलं त्यात पॅड होते, दोन होज होत्या, तेल होतं, बसवण्याची मजुरी होती. दुपारभर जे शोधलं त्याचा आकडा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "डोकं लावल्याचे पैसे कोण देतं, सर? वस्तू दिसली तर माणूस पैसे देतो." हे खरं आहे, आणि यातही आपला दोष आहे. गॅरेजवाले उगाच पार्ट बदलतात म्हणून आपण ओरडतो, पण पार्ट न बदलता नुसतं कारण शोधून देणाऱ्याला आपण चहावर वाटेला लावतो. मग तोही पहिल्या कारणापाशी थांबायला शिकतो. मी त्यांना वेगळे पैसे दिले. त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन घेतले.

टोमॅटोचा भाव पुढे काही आठवड्यांत कोसळला. गाडी अजून तीच आहे. घरात एक नियम झाला आहे. निघायच्या आधी मुलगा रिकामी गाडी ओतूरपर्यंत नेऊन आणतो, आणि त्याने नको म्हटलं तर गाडी निघत नाही. का, ते त्याला सांगता आलं नाही तरी. आजवर तीनदा त्याने नको म्हटलं. एकदा बेअरिंग निघालं. दोनदा मेस्त्रींना काहीही सापडलं नाही आणि त्या दोन्ही वेळी आमचं नुकसान झालं. दुसऱ्या वेळी तो ओशाळून अंगणात उभा होता. भाऊ त्याच्याशी दिवसभर बोलला नाही. संध्याकाळी जेवायच्या आधी त्याने खुंटीवरची चावी काढून त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "उद्या?"

"सकाळी बघून सांगतो," तो म्हणाला.